तेजी आली की घरातलं सोनं कुणाचं?

वाचकाचं पत्र

मावशी, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीची. वय ४४. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. नवरा खासगी कंपनीत आहे, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्यांचा कोल्हापुरी साज, पाटल्या आणि बोरमाळ माझ्याकडे आहे. माझं माहेरचं वेगळं आहे: मोहनमाळ, चार बांगड्या, कानातलं, थोडं मोडकं. सगळं धरून वीस-बावीस तोळे होईल. इतकी वर्षं ते लॉकरला पडून होतं, कुणी विचारत नव्हतं. दिवाळीपासून मात्र घरात दुसरा विषय नाही. हे म्हणतात, एवढा भाव पुन्हा मिळायचा नाही, सगळं काढून टाकू आणि घराचं १४ लाखांचं कर्ज फेडू. दीर म्हणतात, राहिलेल्या पैशाची चांदी घेऊ, त्यांच्या मित्राचे पैसे वर्षात दुप्पट झाले. नणंदेने फोन करून विचारलं, "आईच्या साजाचं काय ठरलं?"

मला जास्त लागलं ते वेगळंच. २०१९ मध्ये यांच्या ऑपरेशनसाठी मी माझे तोडे आणि गोठ मोडले. तेव्हा तोळ्याला पस्तीस हजारांच्या आसपास मिळाले. परवा हेच म्हणाले, "तेव्हा घाई केलीस, आज ते असतं तर!" तेव्हापासून रोज सकाळी उठून आधी मोबाइलवर भाव बघते. रात्री झोप लागत नाही. तुम्ही बँकेत सोनेतारण बघत होता हे मला तुमच्या सदरातून माहीत आहे. अशा तेज्या तुम्ही बघितल्या आहेत. मी काय करू?

तुझी एक वाचक, सांगली

उत्तर

तुझ्या पत्रात तुझा नवरा बोलतो, दीर बोलतात, नणंद बोलते, दिरांचा मित्रसुद्धा बोलतो. ज्या बाईच्या लॉकरला ते सोनं आहे तिला काय वाटतं, हे मात्र मला पत्रात सापडलं नाही. "मी काय करू" असं विचारलंस, "मला काय हवंय" हे लिहिलं नाहीस. म्हणून भाव वर जाईल की खाली हा विषय मी जरा मागे ठेवते. तो कुणालाच सांगता येत नाही, आणि तुझी झोप भावामुळे उडालेलीही नाही.

मी तीन तेज्या जवळून बघितल्या. १९७९-८० ची कोल्हापुरात, लग्नाआधी. २०११ ची आणि तिच्या मागून आलेली पडझड एका सहकारी बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर बसून. आणि आता ही, २०२५ ची. तिन्ही वेळा भाव चढायची कारणं वेगळी होती. घरात मात्र तिन्ही वेळा एकच झालं. भाव शांत असतो तोवर बाईच्या दागिन्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. भाव चढला की घरातला प्रत्येक जण त्याचा हिशेब मांडायला बसतो, आणि त्या हिशेबात ती बाई कुठे असते हे विचारायचं राहून जातं.

१९८० च्या जानेवारीत इंदिराबाई पुन्हा निवडून आल्या. त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीत दोनच विषय होते, निवडणूक आणि सोनं. १९७८ साली दहा ग्रॅमला सातशेच्या आत असलेला भाव १९८० साली सरासरी तेराशेच्या वर गेला. आज हे आकडे ऐकून तुझ्या मुलीला हसू येईल, पण ज्यांचा पगारच चार-पाचशे होता त्यांच्यासाठी ते आजच्यापेक्षा कमी भयंकर नव्हतं. कारण विचारलं तर वडील पेपर वाचून सांगायचे: इराणमध्ये क्रांती झाली, तेहरानला अमेरिकेच्या वकिलातीतली माणसं ओलीस धरली, डिसेंबरात रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात शिरलं, तेल महागलं. २१ जानेवारीला लंडनमध्ये सोनं औंसाला, म्हणजे साधारण एकतीस ग्रॅमला, ८५० डॉलरवर गेलं. चांदीची गोष्ट तर त्याहून चमत्कारिक. टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदी गोळा करून करून बाजार इतका तापवला, की १९७९ च्या सुरुवातीला औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेली चांदी वर्षभरात पन्नासला जाऊन टेकली. अमेरिकेत लोक चांदीचे चमचे आणि चहाचे सेट घेऊन वितळवायला रांगा लावून उभे होते.

आपल्याकडे तेव्हा सुवर्ण नियंत्रण कायदा होता. घरात सोन्याची बिस्किटं किंवा लगड ठेवायला सामान्य माणसाला बंदी होती. तो कायदा १९९० साली गेला. त्यामुळे कोल्हापुरात तेजी आली ती दागिन्यांवरच आली. विकायचं म्हणजे कागद विकायचा नव्हता, नाणंही नाही. गळ्यातलं काढूनच विकायचं.

आमच्या घरात माझी आत्या राहायची. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. तिच्याजवळ एक बोरमाळ, पुतळ्याची माळ आणि दोन पाटल्या होत्या. घालायची तिला मुभा नव्हती, डब्यात असायच्या. काकांना गावाकडे विहिरीवर इंजिन बसवायचं होतं. इतकी वर्षं त्या डब्याची आठवण कुणाला झाली नव्हती, ती जानेवारीत झाली. "पडूनच आहे नुसतं," काका म्हणाले. "आत्ता नाही मोडलं तर कधी?" आत्याने नाही म्हटलं नाही. तिला नाही म्हणायची सवयच कुणी लावली नव्हती.

मी तिच्याबरोबर गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गेले होते, म्हणून बोरमाळेचं काय झालं ते मला अजून लख्ख आठवतं. सोनाराने आधी काट्यावर वजन केलं. मग दोरा कापून मणी पितळी ताटलीत ओतले. "आत लाख आहे वहिनी, आटणीत वजन घटणार. आत्ताच सांगून ठेवतो," म्हणाला. मणी मुशीत टाकले, वर टाकणखाराची चिमूट सोडली आणि फुंकणी लावली. पहिल्यांदा लाखेचा काळा, उग्र धूर निघाला. मग मण्यांचे आकार एकेक करून खाली बसत गेले. थोड्या वेळाने मुशीच्या तळाशी हलणारा एक पिवळाधमक गोळा राहिला, तो त्याने लोखंडी साच्यात ओतला. पुन्हा वजन. घट खरंच आली, पण त्याने सांगितली होती तेवढीच. माणूस चोख होता. १९६३ साली तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी केली तेव्हा त्याचं दुकान बंद पडलं होतं. त्या काळात कितीतरी सोनार देशोधडीला लागले, काहींनी जीव दिला. याने ती वर्षं भाजी विकून काढली. तीनेक वर्षांनी ती अट उठली तेव्हा पुन्हा भात्यापुढे बसला.

त्याने वही उघडली आणि आत्याकडे बघून विचारलं, "कुणाच्या नावावर लिहू?" अख्ख्या व्यवहारात तिला थेट विचारलेला तो एवढाच प्रश्न. उत्तर काकांनी दिलं, स्वतःचं नाव सांगून.

आता पुढचं नीट वाच, कारण सोनं मोडलं की वाटोळं होतं असं सांगायला मी ही गोष्ट काढलेली नाही. इंजिन बसलं. विहिरीला पाणी होतं, ऊस लागला, कारखान्याचं बिल दरवर्षी येत राहिलं. व्यवहार म्हणून तो निर्णय चांगलाच होता. पण सातबारा काकांच्या नावावर, इंजिन काकांचं, ऊसबिल काकांच्या खात्यात. आत्या शेवटपर्यंत दवाखान्याच्या पैशांसाठी पुतण्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते सोनं गेलं याचं तिला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. त्या सोन्याचं जे झालं त्यात तिचं काहीच उरलं नाही, हे मात्र तिला कळत होतं. एकदा उसाचं बिल आलं त्या दिवशी ती मला म्हणाली, "माझी बोरमाळ बघ, दर साली फुटवा धरते. फक्त दुसऱ्याच्या रानात."

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मी याच नजरेने बघते. कर्ज फेडायचं म्हणतात ते वावगं नाही. घराच्या कर्जावर दर महिन्याला व्याज जातंय, ते थांबलं तर घराला मोकळा श्वास मिळतो. बदलत्या व्याजदराचं कर्ज असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंडही बँक लावत नाही. माझा प्रश्न पुढचा आहे: त्या घराच्या खरेदीखतावर तुझं नाव आहे का? तुझ्या पत्रात ते नाही. तुझ्या माहेरच्या सोन्याने घर मोकळं होणार असेल तर घरात तुझं नाव लागल्यावर ते होऊ दे. हे विचारणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. इतकी वर्षं बरोबर संसार केलेल्या माणसाशी हे मोकळेपणी बोलता यायला हवं. नाव आधीच असेल तर फारच छान, निम्मा प्रश्न मिटला.

कायद्याचंही ऐकून ठेव. लग्नात माहेरून आलेलं आणि सासरच्यांनी तुला म्हणून दिलेलं, दोन्ही तुझं स्त्रीधन आहे. ते कुटुंबाच्या सामाईक मालमत्तेत मिसळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच प्रतिभाराणी खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. अडचणीत तू ते नवऱ्याला वापरायला दिलंस तरी मालकी तुझीच राहते. मोहनमाळ, बांगड्या, कानातलं यांच्याबद्दल म्हणूनच घरात मतं मागवायचं कारण नाही. सांगायचं, चर्चाही करायची, पण ठरवायचं तू.

सासूबाईंच्या दागिन्यांचं तसं नाही, आणि इथे मी तुझ्या नणंदेच्या बाजूने उभी आहे. साज, पाटल्या, बोरमाळ त्यांनी जिवंतपणी तुझ्या हातात "हे तुझं" म्हणून दिलं होतं का? दिलं असेल तर ते तुझं. त्या गेल्यावर कपाटातून तुझ्याकडे आलं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने आईच्या मालमत्तेत मुलगे आणि मुली सारखेच वारस आहेत, सासरे असतील तर तेही. म्हणजे तुझा नवरा, दीर, नणंद. सून त्यात नाही. ऐकायला कडू वाटेल. पण जो नियम तुझी मोहनमाळ तुझ्या नवऱ्यापासून राखतो तोच नियम सासूबाईंचा साज त्यांच्या मुलीसाठी राखतो. नणंदेचा फोन तुला टोचला, मला तो रास्त वाटला. दोन वर्षं ती गप्प होती. भाव चढल्यावर बोलली हे खरं, पण तुझे दीर तरी कधी बोलले? आईच्या दागिन्यांत चांदी शोधणाऱ्या भावापेक्षा आईचा साज विचारणारी बहीण मला जवळची वाटते. तिला स्वतः फोन कर. नवऱ्याला करायला लावू नकोस.

कोल्हापुरी साज मोडायच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: मोडू नका. त्याची पानं, त्यावरचं नक्षीकाम, मधला लाल खडा यांचे आटणीत शून्य रुपये मिळतात, आणि तसा पुन्हा करायला गेलात तर घडणावळ आणि त्यावरचा जीएसटी भरून डोळे पांढरे होतील. वाटणी करायचीच तर वजन करून एका वारसाने साज ठेवावा, दुसऱ्याने पाटल्या घ्याव्यात, फरक रोखीने मिटवावा.

आता दिरांची चांदी. इथे मला बँकेतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये चांदी किलोला सत्तर हजारांच्या पुढे गेली होती. आमच्या शाखेत शिरोळकडच्या एका छोट्या व्यापाऱ्याने बायकोचे दागिने तारण ठेवून कर्ज उचललं. कशासाठी म्हणून विचारलं तर "धंद्याला" म्हणाला. पैसे चांदीत गेले होते, हे मला फार नंतर कळलं. मेच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतल्या बाजाराने चांदीच्या सौद्यांवरची अनामत एकामागून एक वाढवली, ती भरता न आलेल्यांनी चांदी विकली आणि भाव कोसळला. त्या एका आठवड्यात चांदी पावभाग उतरली. त्याच आठवड्यात, ६ मेला, अक्षय तृतीया होती आणि सराफ कट्ट्यावर लोक मुहूर्ताची खरेदी करत होते. हा माणूस म्हणाला, येईल वर. थांबला. व्याज मात्र थांबत नाही.

मग २०१३ चा एप्रिल उजाडला. १२ तारखेचा शुक्रवार आणि १५ चा सोमवार, दोन दिवसांत सोनंही जगभर असं घसरलं की आमच्या टेबलावरची कित्येक कर्जं दागिन्यांच्या किमतीला भिडली. थकलेल्या कर्जदारांना आम्ही नोटिसा काढल्या: फरक भरा, नाहीतर दागिने लिलावात जातील. त्याची बायको नोटीस घेऊन बँकेत आली. नोटीस नवऱ्याच्या नावाची, दागिने तिचे. ती भांडली नाही. तारणाची पाकिटं फोडताना दागिने एकदा बघता येतील का, एवढंच तिने विचारलं, कारण गंठण त्यात आहे की घरी आहे हेच तिला माहीत नव्हतं. गंठण त्यातच होतं. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत एक नियम पाळला: दागिने बाईचे असतील तर तिला समोर बसवल्याशिवाय आणि कर्ज कशासाठी आहे हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी कागद पुढे सरकवला नाही. काही नवरे चिडायचे. चिडू देत.

चांदी वाईट आहे असं नाही. पण तिचा स्वभाव सोन्याहून वेगळा आहे हे दिरांना कुणीतरी सांगायला हवं. चांदीची निम्म्याहून जास्त मागणी कारखान्यांची असते: सौर पॅनल, इलेक्ट्रॉनिक वस्तू, विजेचे भाग. बाजार सोन्यापेक्षा लहान, म्हणून चढते तेव्हा वेड्यासारखी चढते आणि उतरते तेव्हा हात द्यायला कुणी नसतं. १९८० च्या जानेवारीत पन्नास डॉलरला टेकलेली चांदी मार्चच्या २७ तारखेला अकराच्या खाली होती. हंट बंधूंसारखे अब्जाधीश त्यात बुडाले. २०११ मध्ये ती पुन्हा पन्नासच्या दारापर्यंत गेली आणि २०१५ च्या अखेरीस चौदाच्या आसपास आली. १९८० चा तो उच्चांक डॉलरच्या भावात मागे पडला तो २०२५ च्या ऑक्टोबरात. मधे पंचेचाळीस वर्षं गेली. २०२५ च्या धनत्रयोदशीच्या आधी तर आपल्याकडे चांदीचा तुटवडा पडला, परदेशातल्या भावावर जादा पैसे मोजून लोक घेत होते, काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणं थांबवलं. दिवाळी सरली आणि आठ-पंधरा दिवसांत भाव बराच खाली आला. दिरांच्या मित्राचे दुप्पट झाले असतील. त्याने कधी घेतली, किती घेतली आणि विकून पैसे खात्यात आले का, हे तीन प्रश्न त्याला विचारून बघायला सांग.

सोन्याबद्दल एक गोष्ट मला बँकेत बसून कळली. १९८० चा ८५० डॉलरचा भाव सोन्याने पुन्हा बघितला तो २००८ च्या जानेवारीत, अठ्ठावीस वर्षांनी. अमेरिकेतल्या माणसाने शिखरावर घेतलं असतं तर त्याची उमेद संपली असती. आपल्याकडे मात्र त्या अठ्ठावीस वर्षांत तोळा तेराशेवरून दहा हजारांच्या पुढे गेला, कारण आठ रुपयांचा डॉलर चाळिशीला पोचला होता. आपण ज्याला सोन्याची तेजी म्हणतो त्यात मोठा वाटा रुपयाच्या घसरणीचा असतो. म्हणून "एवढा भाव पुन्हा मिळायचा नाही" असं छातीठोक सांगणाऱ्यावर आणि "सोनं कधी पडत नाही" म्हणणाऱ्यावर, दोघांवरही मी विश्वास ठेवत नाही. २०२५ च्या २१ ऑक्टोबरलाच जगाच्या बाजारात सोनं एका दिवसात पाच टक्क्यांनी खाली आलं. आदल्याच दिवशी ते ४,३०० डॉलरच्या पुढे, तोवरच्या सर्वांत वरच्या भावाला होतं.

तर तू काय करावंस? माझ्या मते, तुझ्याच सोन्यातला जो भाग तू कधी घालत नाहीस, मोडकं, एकेरी कानातलं, फॅशन गेलेली एखादी बांगडी, तो आत्ता मोडायला हरकत नाही. त्याचे पैसे कर्जात जाऊ देत. भाव चांगला आहे, आणि ते सोनं तुला तसंही नको आहे. सगळं कर्ज सोन्यातून फेडायचं म्हटलं तर २०२५ च्या दिवाळीनंतरच्या भावाने बारा-तेरा तोळे जातील, कर धरला तर त्याहून जास्त. म्हणजे तुझं सगळं जाऊन वर सासूबाईंच्या दागिन्यांना हात लागणार. तिथे थांब. कर्ज चालू आहे, नोकऱ्या चालू आहेत, कुणी दाराशी उभं नाही. २०१९ सारखी वेळ पुन्हा आली तर तेव्हा हेच सोनं लागणार आहे. आणि मुलीला विचार. ती एकोणीस-वीस वर्षांची आहे, तिच्यासाठी म्हणून जे राखून ठेवायचं म्हणतेस त्यातलं तिला काय आवडतं हे तुम्ही कुणी विचारलंय का?

मोडायला जाशील तेव्हा स्वतः जा. आधी हॉलमार्किंग केंद्रात थोडं शुल्क भरून कस तपासून घे. जुन्या दागिन्यांवर शिक्का नसतो आणि "बावीसच आहे" हे घरातलं सांगणं दर वेळी खरं निघत नाही. लाखेचे किंवा खड्यांचे दागिने असतील तर आटणीआधी आणि आटणीनंतर तुझ्यासमोर वजन करायला लाव. दोन ठिकाणी भाव विचार. काही सराफ नवीन दागिना घेतलास तर पूर्ण भाव देतात आणि पैसे मागितले की टक्के कापतात, हे आधीच स्पष्ट करून घे. पैसे तुझ्या खात्यात, पावती तुझ्या नावाची. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं तर कायद्यानेच चालत नाही. कराचंही ध्यानात ठेव: जुन्या सोन्यावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि वर उपकर लागतो. वारशाने किंवा भेट म्हणून आलेलं असेल तर देणाऱ्याने घेतलं तेव्हापासूनची मुदत धरतात, आणि ते २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव खरेदीची किंमत म्हणून दाखवता येतो. तो तेव्हा दहा ग्रॅमला साडेचार हजारांच्या आतच होता, म्हणजे जवळजवळ सगळी रक्कम नफ्यातच मोजली जाणार. जाण्याआधी एखाद्या सीएला तासभर भेट. त्याची फी तुझ्या एका कानातल्याच्या घडणावळीपेक्षा कमी असेल.

राहिलं ते नवऱ्याचं वाक्य. मी ते दोनदा वाचलं आणि मला राग आला. तू तोडे मोडलेस म्हणून त्या माणसाचं ऑपरेशन वेळेवर झालं. तो आज उभा राहून सोन्याच्या भावाबद्दल बोलतोय तो त्या तोड्यांमुळे. "घाई केलीस" म्हणणाऱ्याला एकदा शांतपणे विचार: तेव्हा किती दिवस थांबायला हवं होतं? भांडू नकोस, ओरडू नकोस, पण हे त्याला उत्तर द्यायला लाव. तो मनाने वाईट असेल असं मला वाटत नाही. तेजीत माणसं असं बोलतात, जुना प्रत्येक खर्च आजच्या भावाने मोजायला लागतात. १९८० साली आमच्या गल्लीत एक जण मुलीच्या लग्नात दिलेलं सोनं आजच्या भावाने मोजून जावयाला ऐकवत होता. पण तुझ्या नवऱ्याच्या बाबतीत तो खर्च त्याच्या जिवाचा होता, आणि हे त्याच्या तोंडून तुला ऐकायला मिळायला हवं. त्याशिवाय तू मोबाइलवर भाव बघणं थांबवशील असं मला वाटत नाही. आकडा चढताना दर वेळी तू त्या तोड्यांचीच किंमत काढतेस ना?

या रविवारी नणंदेला घरी बोलाव. लॉकरमधून सगळं काढून आण, ताटात मांड, सासूबाईंचं एका बाजूला, तुझं दुसऱ्या बाजूला. वजनं कागदावर लिहा, कोणता डाग कुणाचा हे लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या. मुलगीही बसू दे. दिरांनाही बोलाव, आईच्या वाट्यात त्यांचाही हिस्सा आहे. तो त्यांनी घ्यावा आणि त्याची चांदी घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी. तुझ्या ताटातल्याची नाही.

मग काय ठरलं ते मला कळव.

तुझी मावशी